प्रस्तावना : घटसर्प कुणाचा?

वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. फळ्यावर 'डिप्थेरिया' लिहिलं, खाली मराठीत 'घटसर्प' लिहिलं, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, घटसर्प म्हशींना होतो. पावसाळ्याआधी डॉक्टर येऊन लस टोचून जातात." वर्ग हसला. मीही हसले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. मुलगा शेतकऱ्याच्या घरातला होता आणि त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं, हे मला काही दिवसांनी एका पशुवैद्य मैत्रिणीकडून कळलं.

माणसाच्या दवाखान्यातला घटसर्प कोरिनेबॅक्टेरियम डिप्थेरी या जीवाणूमुळे होतो. गोठ्यातला घटसर्प होतो पाश्चुरेला मल्टोसिडामुळे. दोघांचं दूरचंसुद्धा नातं नाही. पण दोन्ही आजारांत गळा सुजतो, घशातून घरघर येते, श्वास कोंडतो आणि जीव जातो. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. त्यांनी समोर दिसणाऱ्या गळ्याला नाव दिलं. आपली जुनी नावं बहुतेक अशीच आहेत. धनुर्वातात शरीर धनुष्यासारखं वाकतं, गाठीच्या तापात काखेत-जांघेत गाठ येते, क्षयात माणूस झिजत जातो, काळपुळीत कातडीवर काळा डाग पडतो. ही नावं ज्याला रोग झाला त्याची आहेत, ज्यानं केला त्याची नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत युरोपातल्या प्रयोगशाळांनी ही बाजू उलटवली. रोगाचं नाव जंतूवरून ठरू लागलं. त्यातून मिळालेल्या फायद्याची मोजदाद करणं अशक्य आहे. आज पन्नाशी-साठी पार केलेल्यांतले बरेचजण त्याच फायद्यावर जगताहेत. पण त्या उलटापालटीत एक प्रश्न मागे राहिला, आणि गेली सव्वाशे वर्षं हे शास्त्र या ना त्या वाटेनं त्याच प्रश्नाकडे परत येतं आहे. एकाच माठातलं पाणी चौघे पितात आणि आजारी एकच पडतो. का? 'जंतू पोटात गेला म्हणून' हे उत्तर पुरत नाही, कारण तो चौघांच्याही पोटात गेलेला असतो. या पुस्तकातले लेख वेगवेगळ्या लेखकांचे, वेगवेगळ्या रोगांवरचे आहेत, पण ते सगळे या एका प्रश्नाभोवती फिरतात.

रॉबर्ट कॉखनं १८७६ मध्ये काळपुळीच्या जंतूचं जीवनचक्र दाखवलं, १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला आणि १८८४ च्या सुमारास कलकत्त्याच्या तलावांतून व पटकीच्या रुग्णांतून स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू वेगळा केला. त्याच्या नावानं ओळखले जाणारे निकष आजही पहिल्या धड्यात शिकवले जातात: रोग असेल तिथे जंतू सापडला पाहिजे, तो वेगळा वाढवता आला पाहिजे, निरोगी प्राण्यात टोचल्यावर तोच रोग झाला पाहिजे, आणि त्या प्राण्यातून तोच जंतू परत मिळाला पाहिजे. हे निकष चोख आहेत, पण रोग मात्र क्वचितच इतके चोख वागतात. कॉखला स्वतःलाच पुढे निरोगी माणसांत पटकीचे जंतू आढळले. घटसर्पाचा जंतू वाढवून दाखवणाऱ्या फ्रीडरिश लोफ्लरनं तर १८८४ च्या आपल्या पहिल्याच निबंधात प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलं, की एका ठणठणीत मुलाच्या घशातही हा जंतू सापडला. मला त्या निबंधातलं हे वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. हा निकाल त्याच्या बाजूचा नव्हता, आणि तो त्यानं झाकला नाही.

म्युनिकचा माक्स फॉन पेटेनकोफर मात्र हटून बसला होता. आरोग्यशास्त्राचा हा नामांकित प्राध्यापक म्हणायचा, की नुसत्या जंतूनं पटकी होत नाही. माती, पाणी, हवामान आणि माणसाची स्थिती हे सगळं जुळून यावं लागतं. हे सिद्ध करायला त्यानं ७ ऑक्टोबर १८९२ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, पटकीच्या जिवंत जंतूंचं द्रावण पिऊन टाकलं. पोटातलं आम्ल जंतूंना मारून टाकील आणि प्रयोगावर शंका घेतली जाईल, म्हणून आधी सोडा घेतला. थोडे दिवस पोट बिघडलं, एवढंच. पाठ्यपुस्तकांत त्याला हट्टी म्हातारा म्हणून रंगवतात. पाणीपुरवठ्याच्या बाबतीत त्याचं मत चुकीचं होतं आणि त्या चुकीची किंमत जबर होती, यात वाद नाही. पण 'जंतू आवश्यक असेल, पुरेसा नाही' हा त्याचा अर्धा मुद्दा काळानं त्याला परत दिला.

स्वतःच्या अंगावर असा प्रयोग करणारा तो एकटा नव्हता. आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमट्यांनी कलकत्त्याला कुष्ठरोगाचं शिक्षण घेताना कुष्ठरोगाचे जंतू स्वतःला टोचून घेतले होते. रोग झाला नाही. आज आपल्याला कळतं, की बहुसंख्य माणसांना हा जंतू काहीच करू शकत नाही. उलट ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल १९८४ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू प्यायला आणि काही दिवसांतच त्याच्या जठराला सूज आली, ओकाऱ्या झाल्या. पुढे २००५ मध्ये त्याला रॉबिन वॉरेनसह नोबेल मिळालं. तिघांनी केलं तेच; घडलं वेगवेगळं. (वाचकांनी, आणि विशेषतः विद्यार्थ्यांनी, यातल्या कुणाचंही अनुकरण करू नये, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते.)

लोफ्लरच्या निबंधात आणखी एक कोडं होतं. घटसर्पाचा जंतू घशातल्या पडद्यातच राहतो. हृदयात, मूत्रपिंडात, नसांत तो सापडत नाही. मग मूल हृदय बंद पडून का मरतं? त्याचा तर्क होता की जंतू घशात बसून काहीतरी विष सोडत असावा. १८८८ मध्ये पॅरिसला एमिल रू आणि अलेक्सांद्र येर्सँ यांनी जंतू गाळून काढून उरलेला द्रव प्राण्यांना टोचला आणि जंतूशिवायच घटसर्प घडवून दाखवला. दोन वर्षांत बेरिंग आणि किटासाटो यांनी त्या विषावर उतारा ठरणारं प्रतिविष तयार केलं. आपल्या घराघरांतल्या बाळांना दिलेली त्रिगुणी लस आजही घटसर्पाच्या जंतूशी लढायला शिकवत नाही. ती फक्त त्याच्या विषाशी लढायला शिकवते. लस घेतलेल्या मुलाच्या घशात तो जंतू खुशाल राहू शकतो.

इथून विषवाद्यांचं घराणं सुरू झालं. त्याचा सर्वांत देखणा अध्याय आपल्या देशात लिहिला गेला आणि आपल्यालाच तो नीट ठाऊक नाही, म्हणून इथे जरा रेंगाळते. पटकीचा जंतू विष सोडत असावा ही कल्पना कॉखचीच होती, पण ते विष सत्तर वर्षं कुणाला दाखवता आलं नाही. लोक प्राण्यांच्या रक्तात, पोटाच्या पोकळीत जंतू टोचत होते आणि भलत्याच गोष्टी पाहत होते. कलकत्त्याचे विकृतिशास्त्रज्ञ शंभूनाथ डे यांनी साधा विचार केला: पटकी आतड्यात होते, तर आतड्यातच बघू. जिवंत सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्यानं बांधून त्यांनी त्यात जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्यानं तट्ट फुगलेला होता. हे १९५३ साली. १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून टाकलेला द्रव वापरला आणि तरीही आतडं फुगलं. त्याच वर्षी मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशांच्या पिल्लांना पटकीच्या जंतूंचे निर्जीव अर्क देऊन जुलाब घडवून दाखवले. दोन शहरं, साधी साधनं, फोडलेलं कोडं एकच. डे यांना हयातीत देशात म्हणावा असा सन्मान मिळाला नाही. १९७८ मध्ये नोबेल परिसंवादाचं निमंत्रण मात्र आलं.

पुढे त्या विषाची कार्यपद्धती उलगडली, तेव्हा कळलं की ते आतड्याच्या पेशीला मारत नाही, तिची कळ दाबून धरतं. पेशीतला एक संदेश 'चालू'वर अडकतो, क्षार बाहेर फेकले जातात, त्यांच्यामागे पाणी जातं. पेशी धडधाकट असते आणि माणूस तासाला लिटरभर पाणी गमावून मरतो. पेशी धडधाकट असते म्हणूनच साखरेबरोबर मीठ शोषून घेण्याची तिची दुसरी वाट शाबूत राहते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजून हजारोंना वाचवलं, ते याच वाटेनं. तिथला मृत्यूदर तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो तीनेक टक्क्यांवर आला.

दुसरं घराणं पेशीत घुसणाऱ्या जंतूंचा अभ्यास करणाऱ्यांचं. त्याचा आदिपुरुष एली मेच्निकॉफ. १८८२ मध्ये मेसिनाला त्यानं तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात काटा खुपसला आणि त्याभोवती गोळा होणाऱ्या भक्षकपेशी पाहिल्या. शरीर नुसतं सोसत नाही, खातं. मग जंतूच्या बाजूनं प्रश्न असा उरला, की खाल्लं जाणं टाळायचं कसं? न्यूमोकॉकस बुळबुळीत साखरेचं कवच पांघरतो. क्षयाचा जंतू निमूटपणे गिळला जातो आणि ज्या पिशवीत त्याचं पचन व्हायचं, तिला पाचकरसाच्या पिशवीशी जुळूच देत नाही. लिस्टेरिया पेशीच्या आत शिरून तिच्याच धाग्यांचं शेपूट स्वतःमागे विणतो आणि त्या धक्क्यानं शेजारच्या पेशीत घुसतो. साल्मोनेला, शिगेला आणि प्लेगचा जंतू यांच्याकडे तर शब्दशः सुई असते. पेशीला चिकटायचं, सुई लावायची आणि आपली प्रथिनं आत टोचायची. हा भाग वाचताना जंतूंबद्दल थोडं कौतुक वाटलं तर लाजू नये. आम्हालाही वाटतं.

तिसरं घराणं जनुकवाल्यांचं. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनली फाल्कोनं कॉखचे निकष जनुकांच्या भाषेत पुन्हा मांडले. जंतू दोषी की निर्दोष असं न विचारता त्याच्या कोणत्या जनुकामुळे रोग होतो ते विचारा. ते जनुक मोडलं की उग्रता कमी झाली पाहिजे, परत बसवलं की परतली पाहिजे. असं विचारायला लागल्यावर एक विचित्र गोष्ट वारंवार दिसू लागली, की ही हत्यारं बऱ्याचदा उसनी असतात. घटसर्पाच्या विषाचं जनुक जीवाणूचं नाहीच, त्याला जडलेल्या विषाणूचं आहे. हे १९५१ पासून माहीत होतं. पटकीच्या विषाचंही तेच, हे १९९६ मध्ये कळलं. म्हणजे जंतूलाच जंतू लागलेला, आणि त्याच्या दुखण्यानं आपण मरतो.

याचं अलीकडचं उदाहरण स्वयंपाकघरातलं आहे. २०११ च्या उन्हाळ्यात जर्मनीत रक्ताच्या जुलाबांची साथ आली. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले, कितीतरी जणांची मूत्रपिंडं निकामी झाली. आधी काकडीवर आळ गेला आणि स्पेनच्या शेतकऱ्यांचं दिवाळं निघालं. शेवटी माग लागला तो मोड आलेल्या मेथीचा. जंतू होता आतड्यातला नेहमीचा ई. कोलाय, पण आतड्याला घट्ट चिकटणाऱ्या एका वाणाला विषाणूमार्फत शिगा-विषाचं जनुक मिळालं होतं. मेथी वाईट नव्हती, ई. कोलायही सरसकट वाईट नाही; तुमच्या-माझ्या पोटात तो या क्षणी आहे.

चौथ्या मताला घराणं म्हणावं की नाही, यावर आमच्यातच मतभेद आहेत. आर्तुरो कासादेवाल आणि लिझ-अ‍ॅन पिरोफस्की यांनी १९९९ मध्ये असं मांडलं, की उग्रता ही जंतूची मालमत्ता नाही. जंतू आणि यजमान यांच्या भेटीत जे नुकसान होतं ते मोजा, मग ते कुणाच्या हातून झालं हे नंतर पाहा. कित्येकदा ते आपल्याच हातून होतं. रक्तात जंतू शिरल्यावर येणाऱ्या धक्क्यात रक्तदाब कोसळतो, तो मुख्यतः आपल्या संरक्षणयंत्रणेच्या थयथयाटानं. साल्मोनेलाला तर आतड्याची जळजळ हवीच असते. त्या आगीत तयार होणारी रसायनं वापरून तो श्वास घेतो आणि तिथले मूळचे रहिवासी मागे पडतात. मला स्वतःला ही चौथी मांडणी सगळ्यांत प्रामाणिक वाटते. सहलेखकांपैकी दोघांना ती अघळपघळ वाटते: सगळंच भेटीवर टाकलं तर प्रयोग कशावर करायचा, असा त्यांचा सवाल आहे. तो वाद पुस्तकात तसाच ठेवला आहे.

'यजमान' या शब्दावरूनही आमचं बरंच झालं. शाळेच्या पुस्तकांत 'पोशिंदा' असतो, आणि तो जास्त मराठी आहे. पण पोशिंदा आपणहून पोसतो. यजमानाच्या घरी मात्र न बोलावलेलाही येऊन बसतो आणि ताट वाढावं लागतं. शिवाय सगळं ताट वाढलं जातंच असं नाही: आपलं शरीर लोह कुलूपबंद ठेवतं, प्रथिनांना बांधून, कारण जंतूंना ते हवं असतं. घटसर्पाचा जंतू तर लोह कमी पडलं की विष सोडायला लागतो. म्हणून 'यजमान' ठेवला. काही वाचकांना नवरा आठवेल, त्याला इलाज नाही.

या विषयावर लिहिताना सगळ्यांत मोठा धोका युद्धाच्या भाषेचा असतो. हल्ला, शत्रू, तटबंदी हे शब्द आम्हीही वापरले आहेत, कारण ते सोपे आहेत. पण जंतूंना आपल्याशी वैर नाही. धनुर्वाताचा जंतू मातीत, शेणात सुखानं राहतो. जखमेतून माणसात आला तर तिथून पुढे जायला त्याला वाट नसते. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या हॉटेलात न्यूमोनियाची साथ घडवणारा लेजिओनेला पाण्यातल्या अमिबात राहायला शिकलेला आहे. आपल्या फुप्फुसातली भक्षकपेशी त्याला अमिबासारखीच भासते. लेप्टोस्पायरा उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो आणि उंदीर ठणठणीत असतो. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईत, आणि भातलावणीच्या दिवसांत कोकणात, उंदरांच्या मुतानं बाटलेल्या पाण्यात उघडे पाय घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांत तो गेला, तेव्हा कावीळ झाली, मूत्रपिंडं बंद पडली. तोच जंतू, दोन यजमान.

आणि हे आत्ता का वाचायचं? जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येच्या शरीरात क्षयाचा जंतू शिरलेला आहे, पण त्यांतल्या पाच ते दहा टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. आणि जगातल्या नव्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव एकट्या भारतात आहेत. त्या पाच-दहा टक्क्यांत कोण येणार हे ठरवणाऱ्या गोष्टींत कुपोषण आहे, मधुमेह आहे, दाटीवाटीची घरं आहेत, म्हणजे जंतूबाहेरचं बरंच काही आहे. दुसरीकडे प्रतिजैविकं हातातून निसटताहेत. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज आहे. जंतूला मारणारी औषधं संपत आली, तर त्याची हत्यारं निकामी करणं, सुई बोथट करणं, विषाला उतारा देणं हे मार्ग उरतात, आणि त्यासाठी हत्यारं चालतात कशी ते कळावं लागतं. शिगा-विषाच्या रुग्णाला काही प्रतिजैविकं दिली तर विषाणू चेतून विष वाढण्याची भीती असते. 'जुलाब झाले, गोळी घे' या सवयीला हे चपखल उत्तर आहे.

या पुस्तकात विषाणू, बुरशी, हिवतापाच्या जंतूसारखे परजीवी नाहीत. त्यांना स्वतंत्र पुस्तक लागेल. उपचारांच्या मात्रा नाहीत, त्या डॉक्टरला विचाराव्यात. लेखकांत माणसांचे डॉक्टर आहेत तसे गुरांचेही आहेत, आणि एका लेखिकेचं सगळं आयुष्य पिसवांवर गेलं आहे. सर्वांना एकच अट घातली होती: जंतूचं वर्णन करून थांबायचं नाही, तो कुणाच्या शरीरात, कशा अवस्थेत होता ते सांगायचं. संज्ञा जिथे रुळलेल्या आहेत तिथे इंग्रजीच ठेवल्या. 'टॉक्सिन'ला विष म्हटलं, पण 'प्लाझ्मिड'ला मराठी प्रतिशब्द घडवायचा मोह टाळला.

राहिला घटसर्प. माणसांचा लेख पहिल्या भागात आणि गुरांचा शेवटच्या भागात, अशी मूळ रचना होती. दोन्ही खर्डे हाती आल्यावर पशुवैद्य मैत्रिणीचा लेख वाचताना एक परिच्छेद ओळखीचा वाटला: निरोगी म्हशीच्या घशातही हा जंतू गुपचूप राहून असतो, पावसाची पहिली झोड, अपुरी वैरण, नांगरटीचं ओझं यांत एखादी म्हैस खचली की तो उचल खातो. हाच जंतू ठणठणीत मुलाच्या घशात पाहून लोफ्लर थबकला होता, असं क्षणभर वाटून गेलं, आणि मग आठवलं की जंतू वेगळा आहे. त्यानंतर ते दोन लेख आम्ही एकापाठोपाठ एक लावले आणि दोन्हींचं शीर्षक एकच ठेवलं. अनुक्रमणिकेत 'घटसर्प' दोनदा छापलेला दिसेल. मुद्रितशोधकानं दोन वेळा तो खोडला होता. आम्ही दोन्ही वेळा परत लिहिला.